मंद कोण, संगणक की तबकडी?

शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे दहा-बारा वर्षांची झाली की त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की सगळी यंत्रे डेडस्टॉकमधून काढून टाकावीत आणि नवी घ्यावीत. दुसरे मत दुरुस्ती करणाऱ्याचे : "एसएसडी टाका सर, मशीन नवे होईल." दोन्ही मते ठामपणे मांडली जातात, पण दोन्हींच्या मागे मोजमाप मात्र नसते. विज्ञान शिकवणाऱ्या संस्थेत मोजल्याशिवाय निदान व्हावे, हे आम्हाला खटकते. म्हणून जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या रचनेची, विशेषतः त्यातील साठवणुकीच्या साधनांची आणि पोर्टची, आपण येथे परीक्षाच घेऊ.

आधी या रचनेचा मोठा गुण सांगायला हवा. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी खाचा ठेवल्या आणि त्यांची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. त्यामुळे कोणीही कार्ड बनवावे आणि कोणीही ते बसवावे, अशी परंपरा पडली. खाचांचे प्रकार पुढे बदलले, परंपरा टिकली. हार्ड डिस्क जोडण्याच्या 'साटा' या पद्धतीच्या तीन पिढ्या झाल्या. त्यांचे वेग सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट असे वाढत गेले, पण जोडणी तीच राहिली. नवे साधन जुन्या पोर्टला जोडले तर दोघांपैकी जो हळू त्याच्या चालीने दोघेही चालतात. यंत्राचा एक भाग बदलून बाकीचे यंत्र वापरात ठेवता येणे, हा गुण आज अनेक वस्तूंमधून नाहीसा होत आहे. म्हणून त्याचे मोल अधिक.

आता निदानाकडे वळू. उदाहरणासाठी इंटेलचा एच-६१ चिपसंच असलेला २०११ सालचा मदरबोर्ड घेऊ. त्यात साधी हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती भुजेखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. त्याआधी भुजेला योग्य वर्तुळावर जायला ८ ते ९ मिलिसेकंद हवेत. एकूण झाले सुमारे १३ मिलिसेकंद. म्हणजेच विखुरलेल्या ठिकाणची माहिती ही तबकडी सेकंदाला जेमतेम ७५ वेळा वाचू शकते.

संगणक सुरू होताना नेमकी अशीच हजारो लहान-लहान वाचने होतात. समजा, २०,००० ठिकाणी जायचे आहे. १३ मिलिसेकंदांच्या हिशेबाने चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते आणि एका वाचनाला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणून तेच काम २ सेकंदांचे. प्रत्यक्षात कार्यप्रणाली वाचनांचा क्रम लावून तबकडीचा बराच वेळ वाचवते, त्यामुळे तफावत इतकी टोकाची दिसत नाही. तरीही आपण ज्याला 'मंद संगणक' म्हणतो, तो पुष्कळदा तबकडी फिरण्याची वाट पाहत बसलेला असतो. प्रोसेसरला मंद म्हणणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : "तुमचा पोर्टच जुना आहे, मग एसएसडीचा काय उपयोग?" हेही तपासून पाहू. एच-६१च्या मदरबोर्डवर इंटेलच्या चिपसंचाचे साटा पोर्ट दुसऱ्या पिढीचे, ३ गिगाबिटचे आहेत. साटामध्ये माहितीचे ८ बिट पाठवण्यासाठी तारेवरून १० बिट जातात. म्हणून भागाकार १० ने करायचा आणि उत्तर येते सेकंदाला ३०० मेगाबाइट. एसएसडीने ४ किलोबाइटची १०,००० वाचने केली तरी सेकंदाला ४० मेगाबाइटच होतात. रस्ता अजून पुष्कळ मोकळा आहे. एखादी मोठी फाइल सलग वाचताना जुना पोर्ट आडवा येईल, पण रोजच्या कामात नाही. आक्षेप घेणाऱ्याने वेग पाहिला. कोणत्या कामाचा वेग, हे पाहिले नाही.

पण 'मशीन नवे होईल' हेही खरे नाही. प्रोसेसर तोच राहतो. रॅम २ गिगाबाइटच असेल तर आधी तिचा विचार करावा लागेल. खात्री करण्याची सोपी रीत आहे. टास्क मॅनेजर उघडून संगणक अडखळतो तेव्हा पाहावे. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला आणि प्रोसेसरचा खाली असेल तर डिस्क बदलावी. उलट दिसले तर पैसे वाचवावेत.

पोर्टच्या बाबतीत मात्र आम्हाला कडक बोलावे लागेल. यूएसबी २.० हे २००० सालचे. त्याचा वेग ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३०–४० मेगाबाइट मिळतात. २००८ मध्ये ५ गिगाबिटचे यूएसबी ३.० आले. २०१३ मध्ये त्यालाच '३.१ जेन १' म्हणू लागले आणि २०१७ मध्ये '३.२ जेन १'. वेग तोच, ५ गिगाबिट! धडा तोच ठेवून पुस्तकावरची इयत्ता दर चार वर्षांनी वाढवावी, तसा हा प्रकार. निळा रंगही भरवशाचा नाही, कारण तो सक्तीचा नव्हता. २०२२ मध्ये संबंधित संस्थेने वेगाचा आकडाच वेष्टनावर लिहिण्याची शिफारस केली, हे बरे झाले. खरेदी करताना नाव न वाचता हा आकडा वाचावा.

एच-६१ चिपसंचात यूएसबी ३ नाही, पण मदरबोर्डवर लहान पीसीआय एक्स्प्रेस खाच असते. तीत चार पोर्टचे कार्ड बसते. ही खाच दुसऱ्या पिढीची असेल तर सेकंदाला ५०० मेगाबाइट वाहून नेते आणि चारही पोर्ट ते वाटून घेतात. विजेचाही हिशेब आहे. एका पोर्टला ५ व्होल्टवर ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॅट; चारांना १८ वॅट. अशा खाचेतून साधारण १० वॅट मिळतात. म्हणूनच बऱ्याच कार्डांवर विजेची वेगळी जोडणी असते. एकदा आम्ही ती जोडलीच नाही. पेनड्राइव्ह चालला, बाहेरची हार्ड डिस्क मात्र टकटक करून बंद पडे. अर्धा दिवस आम्ही त्या डिस्कलाच दोष दिला. गुणाकार आधी केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

नामकरणाचा असाच घोळ 'एम.२'चा आहे. एम.२ हे केवळ आकाराचे नाव. त्या आकारात साटाची एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमईचीही. एनव्हीएमई एसएसडी कार्डावर बसवून जुन्या यंत्रात वापरता येते, पण तिच्यावरून यंत्र सुरू करणे बहुतेक जुन्या बायोसना जमत नाही. शाळेसाठी अडीच इंची साटा एसएसडी हाच सरळ मार्ग.

शेवटची अडचण यंत्राच्या बाहेरची आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०११ चे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. नव्या अटींमागे सुरक्षिततेची कारणे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण चालते यंत्र यादीअभावी भंगारात जाणे आम्हाला पटत नाही. लिनक्सवर मराठी टंकलेखन, ब्राउझर आणि प्रोग्रॅमिंगचे धडे अशा यंत्रावर चालू शकतात.

तेव्हा निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक यंत्र नववीच्या वर्गात आणावे. वीज बंद करून, वायर काढून ते उघडावे. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीच उघडू नये. डिस्क बदलण्यापूर्वी आणि नंतर, सुरू होण्याचा वेळ मुलांनी तीन-तीन वेळा मोजावा आणि सरासरी काढावी. काढलेल्या डिस्कवर मुलांचे गुण आणि पत्ते असतील, ते पुसल्याशिवाय ती कोणालाही देऊ नये. एवढे करूनही यंत्र भंगारात काढायचे ठरले तर जरूर काढावे. तो निर्णय निदान मोजून घेतलेला असेल.