तळं निवळलं, पण किती वर्षं?

शेवाळलेल्या तलावात रसायन टाकलं आणि पाणी स्वच्छ झालं, अशी बातमी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. सोबत दोन फोटो असतात: आधीचा हिरवा आणि नंतरचा निळा. त्या रसायनावर माझा फारसा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दोन फोटोंवर निकाल लावण्यावर.

हे रसायन बहुतेक वेळा आपल्या तुरटीच्याच जातीचं असतं, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. आजीनं गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवलेली तुरटी मातीचे कण खाली बसवते. तलावात तिचं काम थोडं वेगळं असतं. तिथे ॲल्युमिनियमचे पुंजके पाण्यातला फॉस्फरस धरून तळाशी बसतात आणि गाळावर एक थर तयार करतात. हा थरच महत्त्वाचा. वर्षानुवर्षं सांडपाण्यातून आणि शेतांतून आलेला फॉस्फरस गाळात साठलेला असतो. त्यातला बराच लोहाला चिकटलेला असतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की सुटून वर येतो. बाहेरची घाण थांबवली तरी तळं हिरवं राहतं ते यामुळे. ॲल्युमिनियमची पकड मात्र ऑक्सिजन संपल्यानं सुटत नाही. 'केमिकल नकोच' म्हणणारे ही गोष्ट विसरतात. मात्रा चुकून पाणी फार आम्लयुक्त झालं तर ॲल्युमिनियम माशांना विषारी ठरतं, हे खरं. म्हणून तर सोबत सोडियम ॲल्युमिनेट टाकून पीएच सांभाळतात.

आता अमेरिकेतल्या सिॲटल शहराकडे पाहा. तिथलं लेक वॉशिंग्टन १९५०च्या दशकात मैलापाण्यानं हिरवं पडत चाललं होतं. १९५८ मध्ये मतदारांनी खर्चाला मंजुरी दिली आणि १९६३ ते १९६८ या काळात प्रक्रिया केलेलं सांडपाणी तलावाऐवजी समुद्राच्या खाडीकडे वळवलं गेलं. तलावात तुरटीचा कणही न टाकता काही वर्षांत पाणी नितळ झालं. त्याच शहरातलं ग्रीन लेक मात्र लहान आणि उथळ. उन्हाळ्यात तिथे मुख्य त्रास गाळातल्याच फॉस्फरसचा. तिथे १९९१, २००४ आणि २०१६ अशी तीनदा तुरटी टाकावी लागली. म्हणजे एकाच गावात दोन तळी, दोन रोग आणि दोन औषधं.

तुरटी किती टिकते, याचा ११४ तलावांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम सरासरी ११ वर्षं टिकला होता. पण सरासरीवर जाऊ नका. खोल, थर पडणाऱ्या तलावांत तो २१ वर्षं होता, तर उथळ तलावांत जेमतेम ५.७. काही ठिकाणी तर शून्य. मात्रा किती, तलावाच्या मानानं पाणलोट केवढा आणि गाळ उकरणारे कार्पसारखे मासे आहेत का, यावर बरंच अवलंबून.

ओहायोतलं ग्रँड लेक सेंट मेरीज हे याचं बोलकं उदाहरण. सुमारे १३ हजार एकरांचा हा जलाशय, पण सरासरी खोली माणसाच्या उंचीएवढीच. भोवती शेती आणि पशुपालन. शेणखताचा फॉस्फरस ओढ्यांतून थेट तलावात. २०१० मध्ये विषारी निळं-हिरवं शेवाळ माजलं आणि पर्यटनावर जगणाऱ्या गावाचा उन्हाळा बुडाला. २०११ आणि २०१२ मध्ये मधल्या भागात तुरटी टाकली, लाखो डॉलर खर्चून. त्यानंतरही शेवाळ आणि पाण्यात उतरू नका म्हणणाऱ्या पाट्या परत आल्याच. हंड्यात तुरटी फिरते तेव्हा वरून कुणी चिखल ओतत नसतं. इथे ओतणं चालूच होतं. हिवाळ्यात शेतात खत पसरण्यावरची बंदी आणि ओढ्यांवर उभारलेल्या पाणथळ जागा, हे खरे उपाय. पण त्यांचे 'आधी-नंतर' फोटो निघत नाहीत.

नदीत तर तुरटीचा थर टिकणारच नाही, प्रवाह त्याला वाहून नेईल. तिथे रसायनाची जागा सांडपाणी प्रकल्पात. वॉशिंग्टन डीसीच्या ब्लू प्लेन्स प्रकल्पात लोहाचे क्षार वापरून फॉस्फरस पोटोमॅकमध्ये जाण्याआधीच काढून घेतात. रसायनशास्त्र साधारण तेच, फक्त नळाच्या अलीकडे वापरलेलं.

आपल्याकडचे पवई किंवा रंकाळ्यासारखे तलाव उथळ आहेत आणि सांडपाण्याचा त्रास त्यांनी वर्षानुवर्षं सोसलाय. म्हणून उद्या कुणी अशा तलावासाठी रसायनाची निविदा काढली, तर विरोधाच्या घोषणेआधी तीन प्रश्न विचारा. फॉस्फरस येतोय कुठून, गाळातून की नाल्यातून, आणि हे मोजलंय का? नाला आधी बंद होणार की नंतर? आणि पाचव्या वर्षी पाणी कोण तपासणार, त्याचे पैसे याच निविदेत आहेत का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा नसतंच. ते नसेल तर तुम्हाला विकली जातेय ती फक्त एका उन्हाळ्याची निळाई.