राजाची क्रियापदे आणि प्रधानाचे कर्तृत्व : बॅजटच्या ‘द इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन’चा पुनर्विचार

संसदीय राजसत्तेचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आजही जो ग्रंथ सर्वप्रथम ठेवला जातो, तो राज्यशास्त्राच्या कोणा प्राध्यापकाचा नव्हे. अर्थविषयक साप्ताहिकाच्या एका संपादकाचा आहे. ‘द इकॉनॉमिस्ट’चा संपादक वॉल्टर बॅजट याचे हे लेख १८६५ ते १८६७ या काळात ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले, १८६७ साली त्यांना ग्रंथरूप मिळाले आणि १८७२ च्या दुसऱ्या आवृत्तीस लेखकाने एक दीर्घ प्रस्तावना जोडली. ग्रंथाचे वय दीडशे वर्षांहून अधिक झाले, तरी त्यातील शैली टवटवीत आहे. आणि ही टवटवीच काही अंशी घातक ठरली आहे. डौलदार विधान खरे वाटू लागते, आणि पुष्कळदा उद्धृत केलेले विधान तपासून पाहण्याचा वाचकांस विसर पडतो.

बॅजटचा मूळ सिद्धान्त सुपरिचित आहे. राज्यघटनेची अंगे तो दोन वर्गांत विभागतो : जनतेच्या मनात आदर उत्पन्न करणारी प्रतिष्ठेची अंगे आणि त्या आदराचा उपयोग करून प्रत्यक्ष राज्य चालविणारी कार्यसाधक अंगे. राजा व बहुतांशी लॉर्ड्स सभा पहिल्या वर्गात मोडतात, मंत्रिमंडळ व कॉमन्स सभा दुसऱ्या. इंग्लंडात कायदे करणारी सत्ता आणि त्यांची अंमलबजावणी करणारी सत्ता परस्परांपासून अलग आहेत, हा त्या काळचा पाठ्यपुस्तकी समज त्याने मोडून काढला. या दोन सत्ता मंत्रिमंडळाच्या ठायी जवळजवळ एकरूप होतात आणि तेच या घटनेचे खरे रहस्य आहे, हे त्याने ज्या स्पष्टतेने दाखविले, त्या स्पष्टतेने त्यापूर्वी फारसे कोणी दाखविले नव्हते. ग्रंथाचे हे श्रेय निर्विवाद आहे. वादाचा प्रश्न उरतो तो पहिल्या वर्गासंबंधी. बॅजटच्या मते राजसत्ता हे सामान्य, अल्पशिक्षित जनांसाठी मांडलेले एक दृश्य आहे. सुशिक्षितांनी त्यामागे काय चालले आहे ते ओळखावे आणि दृश्य मात्र मोडू नये. बहुजनसमाजाविषयीचा त्याचा तुच्छताभाव आज खटकतोच. पण तो बाजूला ठेवला तरी सिद्धान्तात एक दोष राहतो, आणि तो भाषेच्या अंगाने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो.

इंग्लंडच्या राज्यकारभारातील कोणतेही महत्त्वाचे वाक्य घेतले, तरी त्याचा कर्ता राजा असतो. राजा संसद बोलावतो, राजा संसदेचे विसर्जन करतो, राजा प्रधानाची नेमणूक करतो, राजा विधेयकास अनुमती देतो. १८७२ च्या प्रस्तावनेत बॅजटने अशा क्रियापदांची एक गमतीदार यादीच दिली आहे : संसदेस न विचारता राणी सैन्य बरखास्त करू शकेल, आरमाराची जहाजे विकून टाकू शकेल, राज्यातील प्रत्येक नागरिकास उमराव करू शकेल, साऱ्या अपराध्यांस माफी देऊ शकेल. वाचकास हसू यावे हा हेतू येथे सफल झाला आहे. परंतु मराठी व्याकरण शिकलेल्या वाचकास याच यादीत निराळे काही दिसावे. ‘राजा सही करतो’ हे कर्तरी प्रयोगातील साधे वाक्य आहे. ‘प्रधान राजाकडून सही करवितो’ हे प्रयोजक वाक्य आहे. त्यात प्रधान हा प्रयोजक कर्ता आणि राजा हा प्रयोज्य कर्ता होय. इंग्लिश राज्यघटनेतील राजाविषयीची जवळजवळ सर्व वाक्ये रूपाने साधी आणि अर्थाने प्रयोजक आहेत; प्रयोजकाचा प्रत्यय तेवढा लुप्त आहे. इतकेच नव्हे, तर हे प्रयोजकत्व दुहेरी आहे. प्रधान राजाकडून करवितो खरे. पण तसे करविण्याचे सामर्थ्य त्याला कॉमन्स सभेतील बहुमताने दिलेले असते आणि ते बहुमत ढळले की त्याच क्षणी ते नाहीसे होते.

असे असता राजाला केवळ अलंकार मानणे चुकीचे ठरते. अलंकार काढून घेतला तरी वाक्य उरते. प्रयोज्य कर्ता काढून घेतला, तर क्रिया कोणाच्या हातून घडली हेच सांगता येत नाही. राजाचे नाव हा पडदा नसून वाक्यरचनेचा आवश्यक घटक आहे, आणि म्हणूनच त्या नावाने कोण करवितो आहे हा प्रश्न प्रत्येक वाक्यागणिक विचारावा लागतो.

याचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे संसदेच्या अधिवेशनारंभी होणारे राजाचे भाषण. ते मंत्री लिहितात, राजा वाचतो. सर्वनाम मात्र प्रथमपुरुषी असते. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी तिसरे चार्ल्स यांनी लॉर्ड्स सभेत वाचलेल्या भाषणात ‘माझे मंत्री’ तेल व वायू उत्खननाचे नवे परवाने देण्याच्या व्यवस्थेचा कायदा आणणार होते. जुलै २०२४ मध्ये सत्तांतर झाले आणि १७ जुलै रोजी त्याच मुखातून, त्याच सिंहासनावरून, ‘माझे सरकार’ स्वच्छ ऊर्जेसाठी सार्वजनिक मालकीची कंपनी स्थापणार असल्याचे जाहीर झाले. श्रोत्यांपैकी कोणासही यात विसंगती वाटली नाही. त्याहूनही बोलके उदाहरण १० मे २०२२ चे आहे. राणी एलिझाबेथ यांना येणे शक्य नसल्यामुळे युवराजांनी त्यांच्या वतीने भाषण वाचले, तेव्हा ‘माझे सरकार’ याच्या जागी ‘राणीसाहेबांचे सरकार’ असा तृतीयपुरुषी उल्लेख करावा लागला. मजकूर मंत्र्यांचा, वाचणारा दुसराच, तरीही ‘माझे’ हा शब्द वाचणाऱ्यास वापरता येईना! ज्या सर्वनामाचा वक्ता इतक्या काटेकोरपणे ठरलेला असतो, ते शोभेचे सर्वनाम म्हणता येणार नाही.

प्रयोजकाचा लुप्त प्रत्यय ज्या एका शब्दात दडलेला आहे तो शब्द म्हणजे ‘सल्ला’. व्यवहारात सल्ला मानणे अथवा न मानणे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असते. नाही तर त्याला सल्ला म्हणण्याचे कारणच काय? राज्यघटनेच्या परिभाषेत मात्र मंत्र्याने राजाला दिलेला सल्ला म्हणजे आज्ञा, आणि राजाने मंत्र्याला दिलेला सल्ला म्हणजे खरोखरच सल्ला. एकच क्रिया दिशा बदलताच विरुद्धार्थी होते. बॅजटने राजाचे तीन हक्क सांगितले : त्याच्याशी विचारविनिमय व्हावा, त्याने उत्तेजन द्यावे, त्याने इशारा द्यावा. हे त्रिक प्रत्येक परीक्षार्थ्यास मुखोद्गत असते. परंतु हे तिन्ही हक्क दुसऱ्या दिशेच्या, न बांधणाऱ्या सल्ल्याचे आहेत. पहिल्या दिशेचा, बांधणारा सल्ला नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची चिकित्सा बॅजट करीत नाही. हीच त्याच्या ग्रंथातील मोठी उणीव होय.

शिवाय हे त्रिक वस्तुस्थितीचे वर्णन होते काय, हाही प्रश्न आहे. व्हिक्टोरिया राणीची पत्रे १९०७ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि इशारा देण्यापुरतीच ती थांबत नसे हे उघड झाले. १८८० साली ग्लॅडस्टनचा पक्ष निवडून आला असता, त्याला टाळता यावे म्हणून राणीने आधी हार्टिंग्टन यास पाचारण केले होते. म्हणजे बॅजटने जे वर्णन म्हणून लिहिले ते पुष्कळसे त्याची अपेक्षाच होते. पुढील प्रवास अधिकच मनोरंजक आहे. १८९४ मध्ये भावी पाचव्या जॉर्ज यास केंब्रिजच्या टॅनर या अध्यापकाने हाच ग्रंथ शिकविला आणि त्याची टिपणे राजपुत्राने स्वहस्ते काढली. वैयाकरण भाषेचे रूप नोंदवितो, पुढची पिढी ते नियम म्हणून पाठ करते, आणि कालांतराने भाषा खरोखरच तशी होऊ लागते. तोच प्रकार येथे घडला. बॅजट हा इंग्लिश राजपदाचा वर्णनकार राहिला नाही, सूत्रकार झाला. त्याचा ग्रंथ वाचताना ही दोन नाती वेगळी ठेवली नाहीत, तर आजच्या राजाचे वर्तन हे बॅजटच्या अचूकतेचे प्रमाण वाटू लागते. वस्तुतः ते त्याच्या प्रभावाचे प्रमाण आहे.

प्रयोजक कर्ताच उपलब्ध नसेल तर काय? प्रधान राजीनामा देतो आणि उत्तराधिकारी स्पष्ट नसतो, तेव्हा राजा हाच काही काळ खरा कर्ता होतो. ही शक्यता बॅजटने ओळखली होती, हे त्याच्या पक्षी नोंदविले पाहिजे. १९५७ मध्ये ईडन यांच्यानंतर मॅकमिलन आणि १९६३ मध्ये मॅकमिलन यांच्यानंतर ह्यूम यांची निवड अशाच संधिप्रकाशात झाली, व दोन्ही वेळा राजवाड्याभोवती शंकेचे ढग जमले. १९६५ पासून हुजूर पक्षही आपला नेता मतदानाने निवडू लागला आणि ही जागा बरीचशी भरून निघाली. २०१० मध्ये कोणासही बहुमत न मिळाल्यावर पाच दिवस वाटाघाटी चालल्या, त्या पक्षांनी आपापसांत केल्या. राणीला त्यांपासून कटाक्षाने दूर ठेवण्यात आले.

प्रयोज्य कर्त्याने प्रयोजकाविरुद्ध क्रिया केली तर काय होते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले. तेथील राज्यघटनेच्या मजकुरात पंतप्रधान हे पदच आढळत नाही. राणीचा प्रतिनिधी असलेला गव्हर्नर जनरल मंत्र्यांची नेमणूक करतो आणि त्याच्या मर्जी असेपर्यंत ते पदावर राहतात, एवढेच ६४ वे कलम सांगते. सिनेटने खर्चाची विधेयके अडवून धरली असताना ११ नोव्हेंबर १९७५ रोजी जॉन कर यांनी हे वाक्य शब्दशः वाचले आणि कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेल्या गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले. त्याच दिवशी दुपारी त्या सभागृहाने नव्या पंतप्रधानांवर, माल्कम फ्रेझर यांच्यावर, अविश्वास व्यक्त केला. पण त्याचा उपयोग होण्यापूर्वीच संसद विसर्जित झाली होती. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ असे म्हणतात. त्या दुपारी कॅनबेऱ्यात शास्त्राने रूढीवर मात केली.

लंडनमध्ये २०१९ साली नेमका उलटा प्रसंग उद्भवला. तेथे राणीने रूढी तंतोतंत पाळली. बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून २८ ऑगस्ट रोजी बालमोरल येथे संसदेच्या सत्रसमाप्तीचा आदेश निघाला. संसद १४ ऑक्टोबरपर्यंत बंद राहणार होती. प्रयोज्य कर्त्याने प्रश्न विचारावयाचा नाही, हा नियम. मग प्रयोजकाला आवर कोणी घालावा? बॅजटचे उत्तर कॉमन्स सभा हे असते. पण येथे त्या सभेचेच दार लावण्यात आले होते, दुहेरी प्रयोजकत्वातील दुसरा दुवाच निखळला होता. २४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला. त्याची रचना लक्षणीय आहे. न्यायालयाने राणीच्या कृतीची छाननी केली नाही. पंतप्रधानांच्या सल्ल्याची केली. सल्ला बेकायदेशीर, म्हणून त्यावर आधारलेला आदेश शून्यवत. आदेश वाचून दाखविणाऱ्यांच्या हाती जणू कोरा कागद होता. वाक्याच्या पृष्ठरचनेतील कर्त्यास बाजूस ठेवून लुप्त प्रयोजकास न्यायासनासमोर उभे करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र मिळणे कठीण. राजसत्तेची भाषा निव्वळ शोभेची असती, तर ज्या सल्ल्याला कोठेही सही नसते तो रद्द करून सहीचा आदेश कसा कोसळला असता?

इंग्लंडबाहेर या अडचणीवर निरनिराळे उपाय झाले. स्वीडनने १९७४ च्या राज्यघटनेने वाक्यच बदलले : निर्णय सरकार घेते, पंतप्रधानांचे नाव संसदेचा सभापती सुचवितो, राजाला त्यात कर्तेपण नाही. भारताने वाक्य ठेवले आणि प्रत्यय उघड केला. राजा येथे नाही, पण रचना तीच आहे. राष्ट्रपतीस ‘साहाय्य व सल्ला’ देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढेच ७४ व्या अनुच्छेदात मुळात म्हटले होते. तो सल्ला बंधनकारक आहे काय, हा प्रश्न खुद्द डॉ. राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदावर असताना नोव्हेंबर १९६० मध्ये जाहीर भाषणात अभ्यासकांपुढे ठेवला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमशेर सिंग खटल्यात रूढीच्या बाजूने कौल दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागेल असे स्पष्ट लिहिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा दिली. बॅजटचा इशारा देण्याचा हक्क अशा रीतीने भारतात लेखी कलम झाला. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते आणि तिच्याखाली सही एखाद्या उपसचिवाची. ती ओळ याच व्याकरणाची आहे.

मराठी विद्यार्थ्यास येथे साताऱ्याचे छत्रपती व पुण्याचे पेशवे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुद्रेत नाव आधी छत्रपतींचे, मग प्रधानाचे. आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार सर्वस्वी प्रधानाच्या हाती. पण हे साम्य पहिल्या प्रयोजकापाशीच थांबते. पेशव्यास मतदानाने पदच्युत करू शकणारी सभा साताऱ्यात नव्हती, पुण्यातही नव्हती. पंतप्रधान हा शब्द आपण त्या दरबारातून घेतला. त्यामागील दुसरा दुवा मात्र वेस्टमिन्स्टरहून आणावा लागला.

विधेयकास अनुमती देण्याची वेस्टमिन्स्टरची सूत्रे अद्याप नॉर्मन फ्रेंच भाषेत आहेत. सामान्य विधेयकासाठी ‘राजाची तशी इच्छा आहे’ या अर्थाचे सूत्र उच्चारले जाते. करविषयक विधेयकासाठी त्याआधी प्रजाजनांचे आभार मानले जातात. नकाराचेही एक सूत्र आहे, आणि त्यात नकारार्थी शब्द मुळीच नाही : ‘राजा विचार करील’. ते शेवटचे उच्चारले गेले १७०८ मध्ये, स्कॉटलंडमधील लष्करी दलाच्या विधेयकावर, ॲन राणीच्या नावाने; आणि तेही तिच्या मंत्र्यांच्याच सल्ल्यावरून.