चिटाचा भोजनमंडप

शिक्षक-प्रशिक्षणात 'जागतिक भान' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. २०२० साली परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. कौतुक रकमेचे झाले. मला वाटणी मोठी वाटते. पण ती एकट्याची दिलदारी, अध्यापक विद्यालयांची भागीदारी नव्हे.

जुन्नर-आंबेगावचा भावी शिक्षक खोडदच्या महादुर्बिणीच्या अँटेना एसटीच्या खिडकीतून पाहतो. त्या जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. परदेशी विद्यालयांशी करार जरूर करावेत. पण आधी एक सराव पाठ या लेखासमोर घ्यायला काय हरकत आहे?