अंड्यांवर उभं राहून गायलेली गाणी

नगर-दौंड रस्त्यावर अरणगाव लागतं. तिथल्या मेहेराबादला दर 31 जानेवारीला, मेहेरबाबांच्या अमरतिथीला, जगभरातून माणसं येतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच. आम्हा नगरच्या पोरांना त्या गर्दीची सवय असते. रिक्षात झोळीवाला गोरा म्हातारा दिसला की 'बाबांकडे चाललाय' एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं. बाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं आणि 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही, एवढंच लहानपणापासून ऐकून माहीत होतं.

या न बोलणाऱ्या माणसापायी इंग्लंडमध्ये एक अख्खा अल्बम झालाय, हे मात्र मला पुण्यात नोकरी लागल्यावर कळलं. रात्री उशिरा एक बग शोधत बसलो होतो. कानात ॲप आपल्या मनाने गाणी लावत होतं. मध्येच एक इंग्रज आवाज अगदी मन लावून 'परवरदिगार' म्हणायला लागला. मी बग सोडला आणि फोन हातात घेतला.

अल्बमचं नाव 'हू केम फर्स्ट', साल 1972, गायक पीट टाउनशेंड. हा 'द हू' या बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार. त्या काळातल्या सगळ्यात कर्कश्श बँडांपैकी हा एक. टाउनशेंड तर स्टेजवर गिटार आपटून तिचे तुकडे करण्यासाठी प्रसिद्ध. त्यांचं 1971 चं 'बाबा ओ'रायली' तुम्ही नक्की कुठेतरी ऐकलं असेल. त्यातले 'बाबा' म्हणजे आपले अरणगावचे आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली.

अशा माणसाचा पहिला मोठा एकल अल्बम इतका हळू आवाजातला कसा? मला वाटतं, त्याचं उत्तर तो कोणासाठी बनला यात आहे. त्याआधी टाउनशेंड आणि त्याच्या मित्रांनी 'हॅपी बर्थडे' (1970) आणि 'आय ॲम' (1972) अशा दोन रेकॉर्ड्स काढल्या होत्या. थोड्याच प्रती, त्याही बाबांना मानणाऱ्यांसाठी. 'हू केम फर्स्ट'मधली काही गाणी तिथूनच आली. काही 'लाइफहाउस' नावाच्या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पातली, घरीच रेकॉर्ड केलेली. बरीचशी वाद्यं त्यानेच वाजवलेली. आज आपण ज्याला इंडी म्हणतो, खोलीत बसून केलेलं संगीत म्हणतो, ते हेच. स्टेडियमला ऐकवायचं नसलं की ओरडावं लागत नाही. ऐकणारे ओळखीचे असले की थोडी थट्टाही करता येते.

थट्टा कव्हरपासूनच सुरू होते. टाउनशेंड जमिनीवर मांडलेल्या अंड्यांवर बूट घालून उभा आहे. 'आधी कोण?' हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न, त्यात बँडचं नाव आणि सगळ्याच्या आधी असलेला देवही. एका नावात तीन अर्थ कोंबलेत आणि चेहरा मात्र गंभीर.

नऊ गाण्यांमधलं माझं सगळ्यात आवडतं 'इव्होल्यूशन', आणि ते टाउनशेंडचं नाहीच. त्याचा मित्र रॉनी लेन याने ते लिहिलंय आणि गायलंय. 'गॉड स्पीक्स' (1955) या पुस्तकात मेहेरबाबांनी आत्म्याचा दगड, धातू, वनस्पती, किडा, मासा, पक्षी, प्राणी, मग माणूस असा प्रवास मांडला आहे. पुस्तक जड आहे. मी दोनदा सुरू करून ठेवून दिलं. लेन हाच सगळा प्रवास गिटार खुडत, गावाकडचा एखादा काका आपल्या जुन्या नोकऱ्यांची यादी सांगतो तसा सांगतो. मला ऐकताना एकनाथांची भारुडं आठवली. तत्त्वज्ञान तेच, पण विंचू चावल्यावर नाचत सांगितलेलं. आपण मराठी माणसं या पद्धतीला चारशे वर्षांहून जास्त काळ सरावलेलो आहोत. त्यामुळे हे गाणं आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही.

तसंच 'देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी'चं. मूळ जिम रीव्हजचं प्रेमभंगाचं गाणं, बाबांना आवडायचं म्हणून अल्बममध्ये घेतलेलं. टाउनशेंड ते फार न बदलता गातो. बाबा जाऊन तीनच वर्षं झाली आहेत हे लक्षात ठेवून ऐकलं, तर ती विरहिणी होते. ज्ञानेश्वरांची विरहिणी प्रियकराचीच वाट बघते, आणि तो प्रियकर कोण हे आपल्याला माहीत असतं.

'शेरॉटन गिब्सन' मला वैयक्तिक लागतं. दौऱ्यावरचा रॉकस्टार हॉटेलच्या खोलीत एकटा गिटार घेऊन बसलाय आणि कालचा चांगला दिवस आठवतोय. हॉटेलच्या नावातच गिटारच्या कंपनीचं नाव. क्लायंटच्या गावी गेल्यावर बंद खिडकीच्या खोलीत मीही असाच बसलोय, फरक इतकाच की मांडीवर लॅपटॉप होता. यात अध्यात्म नावालाही नाही. म्हणूनच मला बाकीच्या गाण्यांवर विश्वास ठेवावासा वाटला. हा माणूस चोवीस तास भक्त नसतो, मधूनच त्याला नुसता कंटाळाही येतो.

सगळंच जमलंय असं नाही. 'कंटेंट' हे दुसऱ्या कोणाच्या कवितेवर बांधलेलं गाणं समाधानाबद्दल आहे, आणि त्यात हसू अजिबात नाही. तिथे अल्बम प्रवचनाला बसतो. ते मी दर वेळी पुढे ढकलतो. पण त्यातूनच एक कळलं की या अल्बममधला विनोद शोभेसाठी नाही. तो गेला की गाणं ताबडतोब जड होतं.

शेवटी 'परवरदिगार'. बाबांनी दिलेल्या प्रार्थनेवर ते बांधलंय. सुरुवात साधी, मग वाद्यं चढत जातात आणि इथे पहिल्यांदा 'द हू'वाला टाउनशेंड दिसतो. आधी आवाज राखून गायल्यामुळे त्याचा इथला मोठा आवाज खरा वाटतो.

एक प्रश्न मला सतावत होता. मी मेहेरबाबांना मानत नाही. खरं तर इंजिनिअरिंगला गेल्यापासून घरच्या आरतीलाही हात बांधून उभा असतो, आणि आजीला त्याचं वाईट वाटतं. मग ही गाणी मला आवडणं म्हणजे प्रसाद खायचा आणि पाया पडायचं नाही, तसं तर नाही ना? वारी न केलेले लाखो लोक भीमसेन जोशींचे अभंग ऐकतात, हे उत्तर तयार होतं. पण ते मला पळवाट वाटायचं.

मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा आजीला घेऊन मेहेराबादला गेलो. समाधी टेकडीवर आहे आणि खालून दौंड-मनमाड रेल्वेमार्ग जातो. आम्ही पायरीवर बसलो. मी फोन काढला, 'इव्होल्यूशन' लावलं आणि एक इअरफोन तिच्या कानात घातला. तिला इंग्रजी येत नाही. मी एकेक टप्पा सांगत गेलो, दगड, झाड, मासा, पक्षी. ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी लक्ष योनी. गाणारा चांगला आहे, हसत सांगतोय."

खालून मालगाडी गेली, तेवढ्यात तिने आपला इअरफोन काढून हात जोडले. मी जोडले नाहीत. गाणं मात्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.