कात्रणातून कापली जाणारी ओळ

जुन्या वर्तमानपत्रांतल्या औषधांच्या जाहिराती आपल्या मंडळात सगळ्यांच्या आवडीच्या. दंड फुगवलेला पहिलवान, गुटगुटीत बाळ, गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई. असं कात्रण कोणी टाकलं की आधी हसू होतं, मग हमखास एक जण लिहितो, "तेव्हा सगळं शुद्ध होतं हो!" माझी तक्रार या कौतुकाबद्दल आहे. आपण चित्र ठेवतो आणि त्याच्याखालची बारीक टाइपातली ओळ कापून टाकतो. माझ्या मते इतिहास आहे तो त्या ओळीत.

त्या ओळीत काय असतं? बाटलीची किंमत, पुढे 'ट. हं. निराळें', म्हणजे टपालहंशील वेगळा, आणि गिरगाव, जामनगर किंवा मथुरेचा पत्ता. माल व्ही. पी.ने मिळेल, हेही असतं. व्ही. पी.ची सोय आपल्या टपालखात्यात १८७७ साली आली. पोस्टमननं पार्सल दारात आणायचं, पैसे घ्यायचे आणि विकणाऱ्याकडे पोचवायचे. आता सौंसर-पांढुर्ण्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. सौंसरवरून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली, आणि पांढुर्ण्यावरून जाणारी नागपूर-इटारसी लाइन त्याच्याही नंतरची. पण टपाल आधीपासून येत होतं. पुण्याचा 'केसरी', पुढे १९१४ पासून नागपूरचा 'महाराष्ट्र', आणि त्यांत छापलेली औषधं, हे सगळं एकाच थैलीतून इथं यायचं. म्हणून जाहिरात दिसली म्हणजे 'आपले आजोबा हे औषध घेत होते' असं सिद्ध होत नाही. मागवलं तर इथं पोचू शकत होतं, एवढंच सिद्ध होतं. हा फरक आपण पाळत नाही.

दुसरी गोष्ट 'पेटंट' या शब्दाची. मी इंजिनिअर माणूस, हा शब्द मला खटकतोच. पेटंट घ्यायचं तर वस्तू कशी बनते ते सरकारदरबारी लिहून द्यावं लागतं; १८५६ च्या पहिल्या कायद्यापासून आपल्याकडे तोच नियम. या बाटल्यांचा धंदा नेमका उलट होता. कृती गुप्त, नाव जाहीर. त्यात १९४० च्या कायद्याआधी देशात ट्रेडमार्क नोंदवण्याची सर्वसाधारण व्यवस्था नव्हती. 'नकली मालापासून सावध राहा', 'लेबलावर मालकाचा फोटो पाहून घ्या' हा आरडाओरडा त्यातूनच. आपण त्या फोटोतल्या पगडीचं कौतुक करतो. छापणाऱ्यासाठी तो फोटो म्हणजे कुलूप होतं.

त्याच पानावर ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची जाहिरात सापडली तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. कंदील घरी आला, रॉकेल भरलं, काडी लावली. खरं-खोटं त्याच संध्याकाळी कळे. तापावरच्या बाटलीचं तसं नाही. ताप चौथ्या दिवशी आपोआप उतरला तरी श्रेय बाटलीला. नाही उतरला, तर त्या माणसाचं पत्र छापायचं कोणी? जाहिरातीतली सगळी आभारपत्रं बऱ्या झालेल्यांचीच असतात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ मध्ये अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तकच काढलं. प्रसिद्ध बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण!

मग वर्तमानपत्रं हे छापत का होती? कारण त्यावर चालत होती. अमृतांजनचंच घ्या. १८९३ मध्ये मुंबईत नागेश्वरराव पंतुलूंनी ते काढलं, आणि त्याच माणसानं १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. बामच्या डबीनं एक वर्तमानपत्र उभं केलं. उलट गांधीजींनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' जाहिरातींशिवाय चालवले. म्हणजे ही निवड तेव्हाही करता येत होती, पण महाग पडायची. देशभक्तीचा अग्रलेख आणि धातुपुष्टीची गोळी एकाच अंकात का, याचं उत्तर हे आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना हसू नये, असं मला वाटतं. लेकरू तापानं फणफणलंय आणि डॉक्टर गाडीच्या वाटेवर कुठंतरी, तेव्हा आठ-बारा आण्यांची बाटली मागवणं हा वेडेपणा नव्हता. शिवाय पाळीच्या तक्रारी, मूल न होणं, गुप्तरोग, हे वैद्यासमोर बोलायची लाज. बंद पार्सल काही विचारत नाही. बायकांची ही दुखणी त्या काळच्या छापील पानावर शोधायची तर आधी जाहिरातींत शोधावी लागतात. दोष भोळेपणाचा नाही. त्या लाजेचे आणि त्या अंतराचे पैसे करणाऱ्याचा आहे.

याला आळा बसला तो १९५४ च्या औषधी व जादुई उपचार जाहिरात कायद्यानं. हमदर्द दवाखान्यानं त्याला आव्हान दिलं. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातला काही भाग रद्द केला, पण अशी जाहिरात म्हणजे व्यापार आहे, विचारस्वातंत्र्य नव्हे, हे स्पष्ट सांगितलं. मधुमेह, मोतीबिंदू, कर्करोग बरा करतो असं छापायला या कायद्यानं मनाई आहे. आणि आपण तोच दावा, जुन्या टाइपात आहे म्हणून, 'वारसा' म्हणून पुढे ढकलतो. खाली कोणीतरी हटकून विचारतं, "हे औषध आता कुठं मिळेल?" मंडळाच्या पानावर हे व्हायला नको.

तेव्हा एवढंच करा. कात्रण नको, पूर्ण पान टाका. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहा. किमतीची आणि टपालहंशिलाची ओळ राहू द्या. बाटलीत काय आहे ते जाहिरातीत लिहिलेलं नसेल, तर तसं खाली स्पष्ट नोंदवा.