रस्त्यावरील जमाखर्च

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटींत घराबाहेर पडला आणि मिळेल त्या ट्रकला हात दाखवीत थेट मनालीपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर तो मला भेटला तेव्हां त्याच्या हातांत जॅक केरुअॅक याच्या ‘ऑन द रोड’ या कादंबरीची एक जीर्ण प्रत होती आणि चेहऱ्यावर दिग्विजय करून आल्याचें तेज होतें. “खर्च किती आला?” असें मीं विचारलें. शिक्षकाच्या पेशांत तीस वर्षें घालविलेल्या माणसाला असलेच अरसिक प्रश्न सुचावयाचे! “जवळजवळ शून्य, सर,” तो म्हणाला. जेवण? ट्रकवाल्यांनीं आपल्या ताटांतलें दिलें. निजणें? कधीं ट्रकच्या टपावर, कधीं गुरुद्वारांत. आणि परतीचा प्रवास? येथें मात्र स्वारी किंचित् घुटमळली. परतीच्या तिकिटाचे पैसे वडिलांनीं पाठविले होते.

त्या शून्याची संगत धरून मीं ती कादंबरी पुन्हां एकदां वाचून काढली.

१९५७ सालीं ती प्रसिद्ध झाल्यापासून तिच्यावर उदंड लिहिलें गेलें आहे. कोणी तिला स्वातंत्र्याचें उपनिषद् मानतात, कोणी उनाडांची पोथी म्हणून नाक मुरडतात. या वादाच्या धुरळ्यांत एक साधी गोष्ट झांकली जाते. ती ही कीं, इतक्या बारकाईनें जमाखर्च सांगणाऱ्या कादंबऱ्या फार नाहींत. निवेदक सॅल पॅराडाइज हा १९४७ च्या जुलैंत पश्चिमेकडे निघतो, तो माजी सैनिकाच्या भत्त्यांतून शिल्लक टाकलेले सुमारें पन्नास डॉलर खिशांत घालून. नकाशावर त्यानें सहा क्रमांकाचा एक लांबच लांब रस्ता हेरून ठेवलेला असतो. एकदां त्यावर पाऊल पडलें कीं झालें, अशी त्याची कल्पना. परंतु बेअर मौंटनपाशीं धो धो पाऊस लागतो, त्या आडरस्त्याला मोटार फिरकत नाहीं, आणि आमचा प्रवासवीर चिंब भिजून न्यूयॉर्कला परत येतो व शिकागोच्या बसचें तिकीट काढतो. पन्नासांतील मोठा भाग तेथेंच उडतो. अंगठा उंचावून फुकट जाण्याची प्रतिज्ञा केलेल्या माणसाचा पहिला मोठा खर्च तिकिटावर व्हावा, हा विनोद लेखकानें न हंसतां सांगितला आहे.

यापुढें रस्त्याचें अर्थशास्त्र आपल्याला एक एक प्रकरणानें उलगडत जातें. फुकट प्रवासांत भाडें पडत नाहीं हें खरें, पण थांबणें पडतें. आणि थांबणाराला भूक लागते. सॅल वाटभर सफरचंदाच्या पायवर आणि आइस्क्रीमवर गुजराण करतो व तें पौष्टिक आहे अशी स्वतःची समजूत घालतो. वाटेंतल्या एका सोबत्याला तो थंडीसाठीं आपला लोकरी शर्ट देतो. पुढें एकाच माणसापुरती जागा असलेली मोटार येते, सोबती तींत उडी मारतो, आणि शर्टही त्याच्याबरोबर जातो. नेब्रास्कांत दोघे शेतकरी बंधु आपल्या उघड्या ट्रकवर वाटेंत दिसेल त्याला चढवून घेतात. या ट्रकचें वर्णन हा सबंध पुस्तकांतील सर्वांत आनंदी भाग, आणि तेथें कोणी कोणाकडे कांहीं मागत नाहीं हा योगायोग नव्हे. लगेच शायेन गांवीं सॅल जमलेल्या मौजेंत आपले उरलेसुरले डॉलर उधळतो. खिसा हलका होत जातो तसा देश मोठा होत जातो. सपाट मैदानें, पर्वत, मग समुद्र. कथेला पुढें ढकलणारें बळ येथें प्रेमकथेचें नाहीं कीं साहसाचेंही नाहीं. आतां उरले किती, हा प्रश्नच आपल्याला पुढचें पान उलटावयास लावतो.

मात्र हिशेबाची खरी कसोटी लागते ती कॅलिफोर्नियांतील कापसाच्या शेतावर. टेरी नांवाची एक मेक्सिकन मजूर तरुणी सॅलला भेटते. तिच्याबरोबर आणि तिच्या लहान मुलाबरोबर तो तंबूंत राहूं लागतो आणि कापूस वेंचूं लागतो. शंभर पौंड कापसाला तीन डॉलर हा दर. सॅलचीं बोटें रक्तबंबाळ होतात, आणि दिवसाकांठीं पडतो जेमतेम दीड डॉलर, म्हणजे संध्याकाळच्या किराण्यापुरता. मदतीला आलेलें तें लहान पोर त्याच्याहून झपझप वेंचतें. टेरीची तर गोष्टच सोडा. हीं पानें लिहितांना केरुअॅकची लेखणी जमिनीवर आलेली आहे. आणि मग, थंडीचे दिवस जवळ येतांच, सॅलला आपल्या पूर्वायुष्याची ओढ लागते. तो एका सेंटचें कार्ड आपल्या मावशीला टाकतो आणि आणखी पन्नास डॉलर मागवितो. पैसे येतात. सॅल जातो. टेरी आपल्यामागून न्यूयॉर्कला येईल असें दोघेंही बोलतात, आणि तें घडावयाचें नाहीं हें दोघांनाही ठाऊक असतें.

सॅलचें दारिद्र्य आणि टेरीचें दारिद्र्य हें एका तंबूंत, एका कंदिलाच्या उजेडांत, सारखेंच दिसतें. दोघांचाही खिसा रिकामा, दोघांचाही दर तोच. भेद एका सेंटच्या कार्डाचा आहे. ज्याच्याजवळ तें कार्ड टाकण्याजोगा पत्ता आहे, त्याची फकिरी ही सुटी होय; ज्याच्याजवळ तो नाहीं, त्याची ती जन्मठेप. हें लेखकाला समजलें होतें काय? मला वाटतें, अर्धें समजलें होतें. मावशीनें पुन्हां एकदां आपल्यासारख्या ऐदी माणसाला तारलें, अशी कबुली सॅल देतो खरी. परंतु ती हंसण्यावारी नेतो, आणि बस पूर्वेकडे धांवूं लागते.

केरुअॅकच्या चरित्रांत मावशीच्या जागीं आई आहे. मुलगा देश पालथा घालीत होता त्या काळांत गॅब्रिएल केरुअॅक ही बाई जोड्यांच्या कारखान्यांत काम करून घर चालवीत असे. मुलाच्या पायांत वाट होती आणि आईच्या हातांत कातडें! कादंबरीकारानें आईची मावशी केली हा त्याचा अधिकार. पण त्या कारखान्याचा एखादा दिवस जर पुस्तकांत आला असता, तर पुस्तक अधिक मोठें झालें असतें असें मला राहून राहून वाटतें.

तरीही केरुअॅकला नुसता उधळ्या ठरविणें हा अन्याय होईल. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅल पहारेकऱ्याची नोकरी धरतो, आठवड्याला पंचावन्न डॉलर मिळवितो आणि त्यांतून सरासरी चाळीस घरीं पाठवितो. पुढें शेवटला टप्पा उपाशी काढून, सक्तीच्या उपासाचें आरोग्यशास्त्र सांगणाऱ्या एका हाडकुळ्या मोटारवाल्याच्या शेजारीं बसून, टाइम्स स्क्वेअरमध्यें एका ग्रीक धर्मगुरूकडून पाव डॉलर भीक मागून, तो घरीं पोंचतो. तेथें मावशीभाचे मिळून त्या पाठविलेल्या पैशांतून विजेचें शीतकपाट घेण्याचें ठरवितात. त्या कुटुंबांतलें तें पहिलेंच. ज्यांनीं या पुस्तकाला बेजबाबदार म्हटलें त्यांनीं हें शीतकपाट पाहिलें नाहीं, आणि ज्यांनीं त्याला मुक्तिगाथा म्हटलें त्यांनीं तर तें मुद्दाम पाहिलें नाहीं.

पुस्तक उतरतें तें डीन मोरिआर्टी हा मध्यभागीं येऊन बसतो तेव्हां. डीन रेल्वेंतल्या नोकरीची सगळी शिल्लक एका नव्या हडसन मोटारींत घालतो आणि तान्ह्या मुलीसह बायकोला मागें टाकून निघतो. लेखक त्याच्या वेगानें भारावलेला आहे. वाचकाला मात्र त्या मोटारीची किंमत कोणी भरली तें दिसत राहतें. तेलाला पैसे हवेत म्हणून हे लोक वाटेंत वाटसरू चढवून घेतात. त्यांतला एक पोरगा आपली आत्या किराण्याचें दुकान चालविते, ती पैसे देईल, असें सांगून त्यांना डन नांवाच्या गांवीं नेतो. दुकान असतें, आत्या नसते. मला तर हा प्रसंग डीनच्या सगळ्या तत्त्वज्ञानावरचें भाष्य वाटतो. शेवटीं मेक्सिकोंत सॅल तापानें फणफणत असतां डीन त्याला टाकून निघून जातो, आणि जमाखर्चाची वही आपोआप मिटते.

याच रस्त्याचा एक जुना आणि माझ्या मतें अधिक सचोटीचा हिशेबनीस म्हणजे डब्ल्यू. एच. डेव्हिस. बर्नार्ड शॉच्या प्रस्तावनेसह १९०८ सालीं त्याचें आत्मचरित्र निघालें. त्याच्या आजीनें त्याला दर आठवड्याला कांहीं शिलिंगांची तजवीज करून ठेवली होती, आणि तरीही तो अमेरिकेंत मालगाड्यांना लोंबकळत, मागून खात हिंडला. हिंवाळा काढण्याची तेथील भणंगांची युक्ति तो न लाजतां सांगतो. मिशिगनमधील गांवांत पकडणाऱ्या अंमलदाराला दर कैद्यामागें दाम मिळे. म्हणून हे लोक त्याच्याशीं आधींच सौदा ठरवीत आणि तंबाखूसह ऊबदार तुरुंग पदरांत पाडून घेत. पैसा करदात्यांचा! १८९९ त कॅनडांत चालती गाडी पकडतांना डेव्हिसचा पाय गेला. पुढें कविता छापावयाच्या ठरल्या तेव्हां तो लांकडी पायानें फेरीवाला होऊन गांवोगांव फिरला. उद्देश इतकाच कीं, तोंवर आजीचे शिलिंग हात न लावतां सांचावेत. पुस्तक छापून झाल्यावर त्यानें बड्या लोकांच्या नामावलींतून नांवें काढून एक एक प्रत टपालानें धाडली आणि पसंत पडल्यास अर्धा क्राउन पाठवावा अशी विनंती केली. सॅलचा पैसा घराकडून रस्त्याकडे येतो. डेव्हिस रस्त्यावर राबतो तो घरचा पैसा न मोडावा म्हणून.

आणि आपल्याकडे? मराठी वाचकाला येथें वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ‘माझा प्रवास’ आपण सत्तावनच्या धामधुमीची हकीकत म्हणून वाचतों, आणि झांशीच्या वेढ्याचीं पानें विसरूंही शकत नाहीं. पण भटजी घराबाहेर पडले ते इतिहास पाहावयास नव्हे. घरीं कर्ज होतें, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा मोठी मिळणार, असें ऐकून ते चुलत्याबरोबर उत्तरेकडे चालूं लागले. वाटेंत मिळवावें, कमरेला बांधावें, आणि तें लुटलें जावें, असें एकदां नव्हे अनेकदां घडलें. पैशासाठीं येथें वरसईला कार्ड टाकावयाची सोय नव्हती. वरसईच त्यांच्या पैशाची वाट पाहत बसली होती. दक्षिणा ही भीक नव्हे हें खरें, आणि पूजापाठ करणाऱ्या ब्राह्मणाला जीं दारें उघडत तीं इतरांना उघडलीं नसतीं, हेंही तितकेंच खरें. हा हिशेब भटजींनीं मांडलेला नाहीं. पण मिळालें किती आणि गेलें किती, यांत त्यांनीं स्वतःला कोठें वीर केलेलें नाहीं. घरीं परततांना धन नव्हतें. खांद्यावर आईबापांसाठीं आणलेल्या गंगोदकाची कावड होती.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मीं ‘माझा प्रवास’ वाचावयास दिला आहे. परवां तो भेटला तेव्हां झांशीपर्यंत आल्याचें म्हणाला, आणि भटजींनीं पैसे नेमके कोठें लपविले होते याची त्यानें मोठ्या आस्थेनें चौकशी केली. वडिलांचें तिकिटाचें देणें त्यानें शिकवण्या करून फेडण्यास सुरुवात केली आहे, असेंही त्याच्याच तोंडून कळलें. पुस्तक मात्र अजून परत आलेलें नाहीं.