केरी कुठली, नार्वे कुठलं?

पेडणे-डिचोलीवरच्या स्मरणिका आणि देवस्थानांच्या पुस्तिका मी हौसेनं गोळा करतो. लिहिणाऱ्यांनी गावं पायी पालथी घातलेली असतात, माहिती अस्सल असते. म्हणूनच त्यांतल्या चुका जास्त खुपतात.

एक वाक्य सारखं भेटतं: आमच्या गावानं 451 वर्षं पोर्तुगीज राजवट सोसली. 1510 ते 1961 हा हिशेब तिसवाडीचा. बार्देश-साष्टीसुद्धा 1543 मध्ये गेली. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो 1788 मध्ये, म्हणजे 173 वर्षं. डिचोलीही नव्या काबिजादीतलीच. 451 छापलं की भोसल्यांचा सगळा काळ पुसला जातो. साष्टी-बार्देशातले देव हलले आणि आपले जागेवर राहिले, ते का, हेही मग वाचणाऱ्याला कळत नाही.

इंग्रजीवरून मराठी करताना ‘पेरनेम’, ‘बिचोलीम’, ‘मायेम’ असं सर्रास उतरवतात. तो शेवटचा ‘म’ म्हणजे नाकातला उच्चार दाखवायची पोर्तुगीज लेखनातली सोय. पेडणे, डिचोली, मये लिहिताना त्याचं काही काम नाही. हळर्णची तर गंमतच. 1746 मध्ये हा किल्ला घेणाऱ्या व्हाइसरॉयला त्याच नावानं मार्केस ही पदवी मिळाली. आता लेखात एकदा ‘हळर्ण’ येतं, एकदा ‘अलोर्ना’, आणि किल्ले दोन होतात!

पण नाव शुद्ध लिहिलं म्हणजे भागलं असंही नाही. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. नुसतं ‘केरी’ वाचून माणूस तेरेखोलच्या मुखाशी जाईल की अंजुणे धरणाशी? नार्व्याचा घोळ याहून मोठा. सप्तकोटेश्वराचं नार्व्यातलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं हे खरं, पण ते नार्वे दिवाडी बेटावरचं. लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आणलं, त्या जागेलाही नार्वेच नाव पडलं, आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार करवला तो इथल्या देवळाचा. माझ्याकडच्या एका पुस्तिकेत हे सगळं एकाच परिच्छेदात आहे, आणि बेटाचा उल्लेख कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटतं, पाडलं तेही इथंच.

तिथल्या शिलालेखात शके 1590 आहे. सनासाठी 78 मिळवायचे, पण माघ-फाल्गुनात 79. हे मी मोठ्या तोंडानं सांगतो खरं. माघातल्या एका तिथीला 78 मिळवून मीही एक घटना वर्षभर मागे नेली होती, आणि ते छापून झाल्यावरच लक्षात आलं.